एकाच नावाचे अनेक आवाज



जुन्या पोथ्यांचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना पाठभेद म्हणजे काय ते सांगावयास नको. ग्रंथ एक, नाव एक. पण नक्कल करणारे हात निराळे. म्हणून एका पोथीत एक शब्द सापडतो तर दुसरीत दुसरा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली आरंभिले आणि ते १९६६ साली पुरे झाले. जवळजवळ अर्धे शतक देशभरातल्या पोथ्या एकमेकींशेजारी ठेवून त्या ओळीला ओळ ताडून पाहण्यात गेले. एवढा खटाटोप कशासाठी? तर नाव एक असले म्हणजे वस्तूही एकच असते असे नाही, हे पंडितांना ठाऊक होते म्हणून.

आज ज्या पाठभेदांविषयी बोलावयाचे आहे ते पोथीतले नव्हेत. ते कागद, तांबे आणि लोहचुंबक यांचे आहेत. विजेच्या गिटारीचा आवाज ज्या पेटीतून बाहेर पडतो, त्या पेटीतल्या एका स्पीकरची ही गोष्ट आहे. हा स्पीकर इंग्लंडमध्ये जन्मला. गेली साठ-सत्तर वर्षे तो एकाच नावाच्या घराण्यात निरनिराळ्या रूपांत बनत आला, आणि जगभरचे वाजवणारे आजही त्यावरून वाद घालतात. कोणी म्हणतो जुना बरा, कोणी म्हणतो नवा. खरे काय, हे कसे ठरवावे?

तुम्ही म्हणाल, आमचा आणि गिटारीचा काय संबंध? संबंध आहे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडीच्या वसाहतींत आज कामगारांची मुले गिटार शिकतात, आणि कॉलेजच्या संमेलनात तबल्या-पेटीच्या शेजारी विजेची गिटारही उभी असते. पण त्याहून जवळचा संबंध कारखान्याचा आहे. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ज्याच्या घरातला कोणी ना कोणी सुटे भाग बनवीत नाही असे घर विरळा. ड्रॉइंग तेच, पार्ट नंबर तोच, पण कच्चा माल देणारा बदलला की लॉट निराळा लागतो, हे तिथल्या फिटरला पुस्तक न वाचताही कळते. या स्पीकरचा इतिहास म्हणजे नेमकी तीच कथा आहे.

प्रथम स्पीकर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. एक कागदी शंकू असतो. त्याच्या टोकाशी तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते. हे वेटोळे लोहचुंबकाच्या अरुंद फटीत लोंबते. तारेतून विजेचा प्रवाह गेला की वेटोळे पुढेमागे हलते, त्याबरोबर शंकू हलतो, शंकू हवेला ढकलतो, आणि ती ढकललेली हवा आपल्या कानावर येते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग या दोघा संशोधकांनी १९२५ साली हा बेत व्यवस्थित मांडला. शंभर वर्षे होऊन गेली, पण मूळ रचना तीच राहिली आहे.

हीच रचना आपल्या खेड्यात रेडिओतून आली. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. पुढे १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्राच्या पाच जिल्ह्यांत गावोगावच्या श्रोतृमंडळांचा प्रसिद्ध प्रयोग झाला, त्याचे कार्यक्रम पुण्याहूनच प्रक्षेपित होत. वीस-वीस माणसे एका संचाभोवती बसत, ऐकत आणि मग चर्चा करीत. त्या वेळी स्पीकरकडून एकच अपेक्षा होती: पुण्यात बोललेला शब्द गावात जसाच्या तसा उमटावा. स्पीकरने स्वतःचे काही घालू नये, काही गाळू नये. तो निरोप्या होता.

गिटारीच्या पेटीतला स्पीकर मात्र निरोप्या नव्हे. तो वाद्याचाच भाग आहे. मिरजेचा तंबोरा आठवा. मंगळवेढा-पंढरपूर भागातून भोपळा येतो आणि कारागीर तो पारखून घेतो. कारण तार कितीही चांगली असली तरी घुमारा भोपळ्याचाच. दोन भोपळे कधी सारखे नसतात. विजेच्या गिटारीला पोकळ अंग नसते, भरीव लाकडाची फळी असते. तेव्हा भोपळ्याचे काम कोण करणार? ते काम स्पीकर आणि त्याची लाकडी पेटी करते. या स्पीकरमधून अगदी बारीक, उंच स्वर फारसे बाहेर पडत नाहीत. सेकंदाला पाच हजार कंपनांच्या पुढे त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. जोराने वाजवले की त्याचा कागद एकसंध न हलता तुकड्यातुकड्याने थरथरतो आणि आवाजाला एक खरखरीत धार येते. रेडिओच्या दृष्टीने हे दोष आहेत, गिटारीच्या दृष्टीने गुण. जवारी नसलेला तंबोरा जसा मुका वाटतो, तसाच हा प्रकार.

आता मूळ गोष्टीकडे वळू. लंडनजवळ थेम्स नदीच्या काठी हॅम्प्टन विक येथे १९२४ साली सेलेशन ही कंपनी स्पीकर बनवू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश रोला ही दुसरी कंपनी तिच्याशी एकत्र झाली आणि कारखाना थेम्स डिटन या गावी गेला. रोलाकडे 'जी १२' नावाचा बारा इंची, म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटर व्यासाचा, स्पीकर होता. तो गिटारीसाठी नव्हताच. मोठ्या रेडिओसाठी आणि सभेच्या कर्ण्यांसाठी होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस व्हॉक्स कंपनीने आपल्या गिटार-यंत्रांसाठी याच जी १२ची थोडी सुधारलेली आवृत्ती मागवली. तिला निळा रंग दिलेला असे, म्हणून ती 'ब्लू' या नावाने ओळखली जाऊ लागली. पंधरा वॅट शक्ती सोसणारा हा स्पीकर. बीटल्सच्या गिटारी ज्या पेट्यांतून वाजल्या त्या व्हॉक्सच्याच.

या निळ्या स्पीकरचा लोहचुंबक ॲल्निको या मिश्रधातूचा होता. जपानमध्ये मिशिमा यांनी १९३१ साली लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणातून बलवान चुंबक तयार केला. पुढे त्यात कोबाल्ट पडले आणि ॲल्निकोचा प्रसार झाला. माल उत्तम, पण महाग. इकडे हॉलंडमध्ये आइंडहोव्हन येथील फिलिप्सच्या प्रयोगशाळेने १९५०च्या दशकाच्या आरंभी लोखंडाचा गंज आणि बेरियम यांपासून भाजलेल्या मातीसारखा, पण टिकाऊ चुंबक केला. त्याला फेराइट म्हणतात. पुण्याजवळ लोणी काळभोर येथे ज्या फिलिप्सचा कारखाना अनेक वर्षे होता, तीच ही कंपनी. फेराइटला ना निकेल लागे, ना कोबाल्ट. स्वस्ताईपुढे कोण थांबतो? १९६०च्या दशकाच्या मध्यावर सेलेशननेही जी १२चा चुंबक बदलला.

इथून पाठभेदांना सुरुवात होते. नव्या स्पीकरचे नाव 'जी १२ एम'. त्याच्या चुंबकावर हिरवे प्लॅस्टिकचे झाकण असे, म्हणून वाजवणारे त्याला 'ग्रीनबॅक', म्हणजे हिरव्या पाठीचा, म्हणू लागले. आधी तो वीस वॅटचा होता, पुढे पंचवीसचा झाला. अधिक वजनदार चुंबकाचा 'जी १२ एच' हा त्याचा थोरला भाऊ, तीस वॅटचा. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. १९६२च्या सुमारास त्यांनी स्वतःची गिटार-यंत्रे बनवावयास घेतली आणि चार स्पीकरांची मोठी पेटी काढली. त्या पेटीमुळे ग्रीनबॅक जगभर पोचला.

शंकूचेही प्रकार होते. काही शंकू सेकंदाला सुमारे ७५ कंपनांवर सर्वांत मोकळेपणी हलत, तर काही ५५ कंपनांवर. गिटारीची सर्वांत जाड तार सुमारे ८२ कंपनांवर वाजते हे ध्यानात घेतले म्हणजे हा फरक लहान नाही, हे कळेल. बाहेरून पाहावे तर दोन्ही स्पीकर सारखेच. शंकू पुरवणारेही बदलले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पल्सोनिक या कारखान्याचे शंकू येत, पुढे दुसरीकडून येऊ लागले. कागदाचा लगदा बदलला, म्हणजे त्याची जाडी आणि ताठरपणा बदलला. त्याच सुमारास सारा कारखाना थेम्स डिटनहून इप्स्विच या गावी हलला. १९६८ साली आरंभ झाला आणि काही वर्षांत स्थलांतर पुरे झाले. वेटोळे ज्या नळीवर गुंडाळतात ती आधी कागदाची असे. अधिक उष्णता सोसावी म्हणून पुढे निराळ्या द्रव्यांची झाली. १९८६ साली 'व्हिंटेज ३०' नावाचा स्पीकर निघाला. नावात तीस असले तरी तो साठ वॅट सोसतो! पाहा, नावावर किती विसंबावे ते. १९९२ साली कंपनी हाँगकाँगच्या गोल्ड पीक समूहाकडे गेली, आणि पुढे बहुतेक नमुन्यांचे उत्पादन चीनमध्ये होऊ लागले. काही ठरावीक नमुने मात्र त्यानंतरही इप्स्विचला बनत राहिले.

आता या आवाजांत फरक काय? वाजवणाऱ्यांच्या अनुभवाचे सार असे. निळा ॲल्निको उजळ आहे. त्यात टाळेची किणकिण आहे, हलक्या बोटालाही तो चटकन ओ देतो, आणि जोर वाढला की एकदम न ओरडता आवाज जरा आवळून धरतो. ग्रीनबॅक मधल्या स्वरांत भरदार आहे. त्याचा खर्ज सैलसर, वरचे टोक गोलसर, आणि धार लवकर येते. जी १२ एचचा खर्ज घट्ट, ढोलावर टिपरू पडावे तसा. व्हिंटेज ३० वरच्या-मधल्या स्वरांत पुढे येतो. चार वाद्यांच्या गलबल्यात तो एकटा ऐकू जातो, पण एकट्याने वाजवला तर काही कानांना कर्कश वाटतो.

इतके ऐकल्यावर पुष्कळ लोक एक निष्कर्ष काढून मोकळे होतात: ॲल्निको गोड, फेराइट कडक, म्हणजे सारी करामत चुंबकाची. इतिहासाचा विद्यार्थी इथे थांबतो. चुंबक बदलला तेव्हा एकटा चुंबकच बदलला का? नाही. वेटोळे बदलले, शंकू बदलला, वॅटची मर्यादा बदलली. चार गोष्टी एकदम बदलल्या असता परिणामाचे सारे श्रेय एकीला देणे, म्हणजे दुष्काळ पडला त्या वर्षी गावात नवे पाटील आले म्हणून दुष्काळ पाटलांनी आणला म्हणण्यासारखे आहे. एकामागून एक घडलेल्या गोष्टींत कार्यकारण शोधताना किती जपावे लागते, हे वर्गात सांगावयास शिक्षकबंधूंना यापेक्षा सोपा दाखला मिळणे कठीण.

मग तुलना करावी कशी? त्याचे काही नियम आहेत, आणि ते कोणत्याही पारखीला लागू पडतात.

पहिला नियम, दोन्हींचा आवाज सारख्या मोठेपणाचा करून घ्यावा. माणसाच्या कानाची एक खोड आहे: जरा मोठे ऐकू आले की त्याला ते चांगले वाटते. स्पीकरला एक वॅट दिला आणि एक मीटरवरून मोजले, तर कंपनीच्या आकड्यांप्रमाणे आजचा ब्लू १०० डेसिबल देतो आणि ग्रीनबॅक ९८. फरक दोनच डेसिबलचा. पण ग्रीनबॅककडून तेवढाच मोठा आवाज काढावयाचा तर त्याला दीडपटीहून अधिक शक्ती द्यावी लागते. हा हिशेब न करता दोन्ही एका यंत्राला जोडले तर ब्लू जिंकणारच. आणि जिंकेल तो गोडीमुळे की मोठेपणामुळे, हे कळणारच नाही.

दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पेटी तीच, यंत्र तेच, वाजवणारा तोच, खोली तीच. मायक्रोफोन शंकूच्या मध्यावरून चार बोटे कडेला सरकवला तरी आवाज इतका बदलतो की दोन स्पीकरांमधला फरक त्यापुढे लहान वाटावा. मायक्रोफोन जागचा हलला की तुलना मोडली.

तिसरा नियम, पडद्याआड ऐकावे. 'हा १९६७चा आहे हं!' असे कोणी आधी सांगितले की कान ऐकण्यापूर्वीच मन ऐकते. आवाजाची नेमकी आठवण फार थोडा वेळ टिकते. म्हणून दोन्ही आवाज लागोपाठ, थोडे थोडे आणि पुनःपुन्हा ऐकावेत. मागच्या वर्षी ऐकलेल्या आवाजाशी आजचा आवाज ताडणे व्यर्थ आहे.

चौथी गोष्ट नियम नव्हे, जाणीव आहे. जुना स्पीकर आज वाजतो तसाच तो नवा असताना वाजत होता असे समजू नये. पन्नास वर्षे कागद हलला, सैल पडला. दमट हवा त्याने खाल्ली, वेटोळे तापले नि निवले. आज जो मऊ आवाज आपण 'मूळचा' म्हणून वाखाणतो, तो कारखान्याचा किती आणि काळाचा किती? जुन्या चित्राचा पिवळेपणा चित्रकाराचा नसतो, वार्निशाचा असतो. हा प्रश्न पैशाचाही आहे. जुन्या शिक्क्याच्या स्पीकरला नव्याच्या कितीतरी पट किंमत पडते. महिन्याच्या पगारातून पोराला वाद्य घेऊन देणाऱ्या कामगाराने ती नुसत्या शिक्क्यासाठी मोजावी का? आधी कानाने पारखावे, मग गाठ सोडावी.

शाळेत हा धडा एका तासात होईल, आणि त्यासाठी गिटार लागत नाही. एक लहान रेडिओ किंवा मोबाइल फोन घ्या. एकच गाणे आधी मेजावर, मग मातीच्या मडक्यात, मग लाकडी खोक्यात ठेवून लावा. मुलांना डोळे मिटावयास सांगा आणि कोणता आवाज कुठला ते पाटीवर लिहावयास लावा. मग आवाजाचा मोठेपणा सारखा करून पुन्हा तेच करा. पहिल्या खेपेचे मत किती जणांचे टिकले ते मोजा. आपले मत कशामुळे झाले हे मुलांना तपासता आले, म्हणजे पुष्कळ झाले.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. इंग्लंडातल्या त्या स्पीकरविषयी एवढे तपशील का सापडतात? कारण चुंबकावर नमुन्याचा क्रमांक आणि तारखेची खूण असे, शंकूवर छाप असे, लेबलवर गावाचे नाव असे, आणि लोकांनी या खुणा जपून ठेवल्या, एकमेकांशी ताडल्या. 'थेम्स डिटन' की 'इप्स्विच', एवढ्या एका शब्दावरून काळ ठरवता येतो. तांब्यापत्रावरील शिक्क्यासारखेच हे. तरीही शंकूचा लगदा कोणी, कसा घाटला, डिंकाचे प्रमाण काय, हे बरेचसे हातांतच राहिले आणि हातांबरोबर गेले. त्या मेजापाशी बसून वेटोळी गुंडाळणाऱ्यांची नावे कुठल्याही लेबलवर नाहीत.

आपल्याकडे काय आहे? पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीची शेते पाहता पाहता शेड बनली. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. त्यानंतर कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकणला गेले. ज्या चाकणच्या किल्ल्यात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवले, त्याच्या पंचक्रोशीत आज मोटारी तयार होतात. आवाजाचा धंदाही तिथे पोचला आहे. अमेरिकेत जेम्स लान्सिंग यांनी १९४६ साली काढलेल्या कंपनीचे 'जेबीएल' स्पीकर १९६०च्या दशकात फेंडरच्या काही गिटार-यंत्रांत बसवीत असत. त्या जेबीएलची मालक असलेल्या हरमन कंपनीने या शतकाच्या दुसऱ्या दशकात चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना काढला. तिथे मोटारींसाठी लागणाऱ्या ध्वनियंत्रणेचे काम चालते. म्हणजे खेड तालुक्यातल्या एखाद्या घरचा मुलगा किंवा मुलगी आज त्याच लांब साखळीची एक कडी आहे.

किल्ल्याची हकिकत बखरकारांनी आणि इतिहासकारांनी लिहून ठेवली, म्हणून ती आपणास ठाऊक आहे. शेडमधली हकिकत कोण लिहिणार? कोणता भाग कधी बदलला, का बदलला, लोखंड कुठून आले, डाय कोणी केला, कोणत्या कामगाराच्या सूचनेने माल सुधारला, याची नोंद त्या माणसांच्या निवृत्तीबरोबर घरी जाते आणि एक दिवस संपते. आणखी पन्नास वर्षांनी कोणी या पट्ट्यात बनलेल्या एखाद्या वस्तूचे पाठभेद लावू पाहील, तेव्हा त्याच्या हाती काय येईल?

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींनो, एक काम सुचवतो. तुमच्या वर्गातल्या मुलांना आई-वडिलांच्या, आजोबांच्या कारखान्यातली एकच वस्तू निवडावयास सांगा. ती आधी कशी होती, मग कशी झाली, काय बदलले आणि कशासाठी बदलले, हे विचारून त्यांना वहीत लिहू द्या. तारीख घालावी, सांगणाऱ्याचे नाव घालावे. दोघांनी निराळे सांगितले तर दोन्ही लिहावे, खोडू नये. कोणते खरे ते पुढे ताडून ठरवता येईल. लिहिलेच नाही तर ताडावयाचे कशाशी?